दोघं आत, एक बाहेर

"तुम्हाला निघून जाता येतं का?"

मांडव्याजवळच्या एका लहानशा गावात मी मराठी शाळेचा दुय्यम मास्तर म्हणून हजर झालो, तेव्हा हेडमास्तरांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. माझी ट्रंक अजून हातातच होती आणि दुसऱ्या हाताने मी खिशातला नेमणुकीचा कागद चाचपत होतो. ट्रेनिंग कॉलेजात दोन वर्षं काढली होती, पण असला प्रश्न कुठल्या पेपरात आला नव्हता. मला वाटलं, माझ्या आधीचा मास्तर नोकरी सोडून पळाला असणार आणि हे माझी चिकाटी तपासताहेत. मी छाती पुढे काढून म्हणालो, "नाही साहेब. मी टिकून राहीन."

त्यांचा चेहरा पडला. "मग पंचाईत आहे," असं म्हणून ते कागद न बघताच वर्गात शिरले.

मी गणिताचा माणूस. प्रश्न असला की त्याला उत्तर असतं आणि ते पाठीमागच्या पानावर छापलेलं असतं, अशी माझी तेव्हा समजूत होती. ती या गृहस्थांच्या सहवासात चार वर्षं राहून पार मोडली. गावात त्यांना थोरले मास्तर आणि मला धाकटे मास्तर म्हणत. थोरले मास्तर पन्नाशी ओलांडलेले, काटकुळे, खांद्यात जरा वाकलेले. त्यांना मी कधी पुरता ओळखू शकलो नाही, आणि आज त्यांच्याबद्दल लिहायला बसलोय तेही त्यांना ओळखतो म्हणून नव्हे.

पहिल्या प्रश्नाचा उलगडा रविवारी झाला. मला त्यांनी खाडीकडे, तिवरांच्या कडेला नेलं. तिथे नारळाच्या झापांचं आणि गोणपाटाचं एक खोपटं होतं, जेमतेम दोन माणसं उकिडवी बसतील एवढं. आत तीन पायांच्या तिकाटण्यावर लाकडी खोक्याचा मोठा कॅमेरा आणि त्याच्या पुढे लांबचं जवळ आणणारी, दीड हात लांब पितळेची नळी. किनाऱ्यावर बंगला असलेल्या एका पारशी म्हाताऱ्याने विलायतेला कायमचं जाताना ती त्यांना दिली होती. समोर शंभर पावलांवर चिखलात बगळे उतरत. आम्ही आत शिरलो की सगळे बगळे उडून लांब जाऊन बसत.

"आता तुम्ही निघून जा," थोरले मास्तर म्हणाले. "आणि गुपचूप जाऊ नका. मोठ्यांदा जा. बगळ्यांना कळलं पाहिजे की माणूस गेला."

"पण आपण तर आत आहात."

"पाखरांना मोजता येत नाही," ते म्हणाले. "दोघं आत आले, एक बाहेर गेला, की त्यांच्या हिशेबी खोपटं रिकामं."

तर हे माझं काम. पुढली चार वर्षं सुट्टीच्या दिवशी मी थोरल्या मास्तरांबरोबर खोपट्यात जायचो आणि लगेच निघून यायचो. मोठ्यांदा जायचं म्हणजे काय करायचं हे मला सुचेना, तेव्हा मी पावकी-निमकी म्हणत जाऊ लागलो. डोक्यावर छत्री, धोतराचा काचा खोचलेला, पाय घोट्यापर्यंत चिखलात, आणि तोंडाने "पाव एके पाव" चाललेलं. लांबून मासळी घेऊन जाणाऱ्या बायका थांबून बघायच्या. माझं लग्न त्या वर्षी जमत नव्हतं, त्यामागे हेही एक कारण असावं असा मला संशय आहे.

आणि गंमत अशी की बगळे खरंच परत यायचे.

फोटो मात्र व्हायचे नाहीत. काच लागायची त्या यंत्राला, फिल्म नव्हे, आणि काचा महाग, नाजूक, खाऱ्या हवेत बुरशी धरणाऱ्या. थोरले मास्तर सकाळचे तीन-चार तास खोपट्यात बसून एकही काच न वापरता बाहेर यायचे. अंगावर डासांचे फोड, गुडघे आखडलेले. "आज का नाही काढला?" मी विचारायचो.

"आज तो बघत होता माझ्याकडे."

"बघेना का. फोटो छान आला असता."

"अहो, मग तो बगळ्याचा फोटो झाला नसता. माझ्याकडे बघणाऱ्या बगळ्याचा झाला असता." हे सांगताना ते माझ्याकडे अशा काकुळतीने बघत, की दोन्हींत फरक काय ते मला कळलं नाही, हे कबूल करायला जीभ रेटत नसे.

ज्या थोड्या काचा त्यांनी खर्च केल्या त्यांतून उठलेले फोटो शाळेच्या भिंतीवर ओळीने लावले होते. प्रत्येकाखाली सुवाच्य अक्षरात नाव. एकात राखाडी पट्ट्यावर पांढरा फराटा. खाली लिहिलेलं "बगळा, उडताना". दुसऱ्यात चिखलात रोवलेला मासेमाराचा खुंट, बाकी काही नाही, खाली "खंड्या". एकदा डेप्युटीसाहेब शाळा तपासायला आले. त्यांनी त्या फोटोपुढे उभं राहून तिसरीतल्या एका मुलीला विचारलं, "यात खंड्या कुठे आहे?"

"गेलाय," मुलगी म्हणाली.

"कुठे गेलाय?"

"मासा पकराला. आत्ताच गेलाय. म्हनून दिसत न्हाय."

डेप्युटींनी चष्मा पुसला, पुन्हा फोटो बघितला, मग माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. थोरले मास्तर त्या मुलीकडे बघून इतके खूश झाले होते की साहेबांना चहा विचारायचंही विसरले.

नळीची त्यांना स्वतःपेक्षा जास्त काळजी. पावसाळ्यात दमटपणा लागू नये म्हणून ते ती तांदळाच्या डब्यात पुरून ठेवत, आणि त्यामुळे त्यांच्या घरच्या भाताला चार महिने पितळेचा वास यायचा. मला दर सोमवारी जेवायला बोलावत. मी तो वास गिळायचो. माझ्या स्वयंपाकापेक्षा तो भात बरा होता, हे कबूल केलं पाहिजे.

मिठावरून देशभर गडबड चालली होती त्या दिवसांत कोणीतरी तालुक्याला कागद केला, की शाळेचे हेडमास्तर खाडीकाठी पितळी तोफ लावून बसतात. एक फौजदार दोन शिपायांसह थेट खोपट्यावर आला. थोरल्या मास्तरांनी न घाबरता त्याच्या डोक्यावर कॅमेऱ्याचं काळं फडकं टाकलं. बराच वेळ फौजदार आतच. मग बाहेर येऊन त्याने हळूच विचारलं, "मास्तर, हा बगळा उलटा का?"

"यंत्रात सगळं उलटंच दिसतं."

"मग सरळ कधी होतं?"

"होत नाही. आपल्याला सवय होते."

फौजदाराने यावर विचार केला. मग एका शिपायाला तिवरांत उभं केलं आणि पुन्हा फडक्याखाली गेला. आतून खिदळण्याचा आवाज आला. रिपोर्टात त्याने काय लिहिलं कोण जाणे, पण पुढे दोनदा तो रजेच्या दिवशी साध्या धोतरावर आला आणि तास तास उलटे बगळे बघून गेला.

माणसांचे फोटो मात्र थोरले मास्तर काढत नसत. गावच्या शेटजींनी मुलीच्या लग्नात त्यांना बोलावणं पाठवलं, पालखी पाठवतो म्हणाले. यांनी साफ नकार दिला. शेटजी रागावले, शाळेला द्यायची कबूल केलेली सतरंजी त्यांनी दिली नाही. मी त्या सतरंजीसाठी हळहळलो. "एक फोटो काढला असता तर काय बिघडलं असतं?" मी म्हणालो.

"माणसाला थांब म्हटलं की तो थांबतो हो," थोरले मास्तर म्हणाले. "मग त्यात मी काय केलं?"

त्यांचं बोलणं सरळ असायचं, शब्द सोपे, आणि तरी घरी आल्यावर मला वाटायचं की आपल्याला काहीतरी सांगितलं गेलं आणि ते आपण वाटेत कुठेतरी सांडलं.

आता आंब्याची गोष्ट सांगतो. तेवढी एक सांगितली की मला मोकळं वाटेल.

कोळीवाड्याच्या टोकाला एक जुना, प्रचंड आंबा होता. त्याच्या शेंड्याला समुद्रगरुडाचं घरटं. पांढऱ्या पोटाचा, राखी पंखांचा हा मोठा पक्षी. कोळी त्याला काकण म्हणतात. जोडपं दर वर्षी त्याच घरट्यावर नव्या काटक्या रचायचं, झाडाखाली माशांचे काटे आणि समुद्रसापांचे सांगाडे पडलेले असायचे. तीन वर्षं थोरले मास्तर त्या घरट्यावर डोळा ठेवून होते. त्यांना एकच फोटो हवा होता. पिल्लू घरट्याच्या काठावरून पहिल्यांदा सुटतं, तो क्षण. पहिल्या वर्षी पिल्लू शाळेच्या वेळात उडालं. दुसऱ्या वर्षी अंडं फुटलंच नाही. तिसऱ्या वर्षी थोरले मास्तर तापाने पडले होते. हे चौथं. आणि चैत्राअखेर त्यांची पेन्शन व्हायची होती. पेन्शनीनंतर ते घाटावर भावाकडे जाणार होते, जिथून समुद्र चार दिवसांच्या वाटेवर. म्हणजे हे शेवटचं पिल्लू.

त्यात दोन विघ्नं आली. मुंबईहून मागवलेलं काचांचं खोकं पडावातून उतरवताना पाण्यात पडलं. आतल्या दोनच काचा कोरड्या निघाल्या. त्या मापाच्या काचा दुकानात शिल्लक नव्हत्या, विलायतेहून यायला दोन महिने. आणि दुसरं, आंबा ज्याच्या मालकीचा त्या तांडेलाने, कोळ्यांच्या होडीवरच्या म्होरक्याने, तो तोडायचं ठरवलं. त्याला त्या खोडाची होडी कोरायची होती.

थोरले मास्तर आणि मी त्याच्याकडे गेलो. तांडेल चाळिशीचा, खांद्याने रुंद, बोलायला शांत. जाळं विणता विणता म्हणाला, "मास्तर, झार माजा हाय. होरी मना पायजे. सुतार माघान येतंय, मंग वरीसभर येनार न्हाय."

"वर एक पोर आहे हो," थोरले मास्तर म्हणाले. "फाल्गुनात उडेल."

"मना चार हायत," तांडेल म्हणाला.

आम्ही परत आलो. थोरले मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी तांडेल स्वतः दाराशी येऊन उभा राहिला, डोक्यावरची टोपी हातात घेऊन.

"शिमग्यापरत झार ठेवतो," तो म्हणाला. "सुतार रागवंल तर रागवंल. पन तुमी माज्या आयेचा फोटू काराचा."

थोरले मास्तर नाही म्हणतील असं मला वाटलं. त्यांनी उलट विचारलं, "तुला फोटो कशाला?"

तांडेल म्हणाला, "बाप बुराला तवा मी पाच वर्सांचा होतो. त्याचा त्वांड आठवाला जातो, तर दुसऱ्याच कोनाचा त्वांड येतंय. कंदी मामाचा येतंय, कंदी बाजारान बघलेला कोनतरी. आता आय म्हातारी झायली. हिचा पन असाच झाला तर?"

थोरल्या मास्तरांनी विचारलं, "बसतील का त्या फोटोला?"

"बसली असती तर मी तुमच्याकं कशाला आयलो असतो? दुकानान न्हेली होती. दारातनंच पलाली. तुमची नली लांबशी कारते. पाखरालाबी कलत न्हाय म्हंतात."

फोटो काढला की आयुष्य कमी होतं, असं तेव्हा पुष्कळ जुनी माणसं मानत. म्हातारी त्याच भीतीने पळाली असणार, असं आम्ही तिघांनी धरून चाललो. तिला विचारावं हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नाही. थोरल्या मास्तरांना तर ही पाखरासारखीच बाब वाटली: सावज बिचकतं, तेव्हा लपून काढायचं. म्हातारी रोज सकाळी कोळीवाड्यापुढच्या वाळूत, बांबूंवर वाळत घातलेल्या बोंबलांची राखण करत बसायची, हातात काठी. तिच्यापासून पन्नास पावलांवर, जाळ्यांच्या ढिगाला लागून, आम्ही नवं खोपटं उभारलं.

पहिल्या दिवशी आम्ही दोघे आत गेलो आणि रिवाजाप्रमाणे मी बाहेर पडून पावकी म्हणत चालू लागलो. म्हातारीच्या पुढून गेलो तेव्हा तिने मान न वळवता मला हाक मारली.

"धाकट्या."

"काय आजी?"

"दोन गेलंव, येक आयलास. त्या मास्तराचा पोट बिघारलाय का?"

मला पुढची पावकी आठवेना.

थोरल्या मास्तरांना हे सांगितलं तेव्हा त्यांना खरोखर नवल वाटलं. "तिला मोजता येतं?" ते म्हणाले.

"अहो, ती बाई पन्नास वर्षं मासळी विकतेय. शेकड्याने बोंबील मोजते, तेही बोलता बोलता."

"हो. ते माझ्या लक्षात आलं नाही." आणि ते खजील झाले. एवढा विचारी माणूस, आणि त्याच्या हे लक्षात येऊ नये? मी अजून त्यावर डोकं खाजवतो. पण आपला मार्ग चुकलाय असं न समजता त्यांनी दुसऱ्या दिवशी तांडेलालाही आत घेतलं. तिघं आत, दोघं बाहेर. म्हातारी कावळा हाकलत म्हणाली, "आज तीन गेलं, दोन आयलं. रोज येक कमीच कसा येतंय?"

तिसऱ्या दिवशी थोरले मास्तर उजाडायच्या आधीच एकटे जाऊन बसले. म्हातारी आली, बसली. साडेसातच्या सुमाराला तिने मान वळवली आणि यांनी काच खर्च केली. संध्याकाळी स्वयंपाकघरात लाल कंदिलापुढे ती काच औषधात धरल्यावर त्यावर एक काठी, एक हात आणि तोंडावर ओढलेला लुगड्याचा पदर उमटला. तिला माहीत होतं.

आता उरली एक काच.

आणि इकडे घरट्यात पिल्लू काठावर येऊन उभं राहू लागलं होतं. पंख पसरायचं, फडफडायचं, एक पाय उचलायचं आणि पुन्हा आत सरकायचं. आज, उद्या, फार तर परवा. तिकडे माघ सरत आला, सुतार आला, तांडेलाच्या पडवीत मुक्काम टाकून कुऱ्हाडीला धार लावू लागला. तांडेल आमच्या नजरेला नजर देईना. "मी वाईट मानूस न्हाय मास्तर," तो मला म्हणाला. "पन फोटू न्हाय तर झार मी कोनच्या तोंडानं ठेवू? सुतार मना इचारतंय."

मी थोरल्या मास्तरांना स्पष्ट सांगितलं की शेवटची काच पिल्लासाठीच ठेवा. तांडेलाला म्हणू, विलायतेहून काचा आल्या की काढतो. ते नुसतं "हूं" म्हणाले. त्यांच्या "हूं"चे अनेक अर्थ होते आणि त्यांतला कुठला हे मी कधी बरोबर ओळखलं नाही.

शेवटी म्हातारीनेच मला गाठलं. शाळेतून येत होतो, तिने काठीने वाळूवर जागा दाखवली. मी बसलो.

"तो फोटू भितीवर लावनार ना?"

"हो आजी. काचेच्या चौकटीत."

"मी येकटी?"

मला प्रश्न कळला नाही. मी म्हणालो, "हो, तुमचाच फोटो."

"आनि त्यो?" तिने काठी समुद्राकडे केली. "त्याचा फोटू कंदी कारलाच न्हाय. मी येकटीच भितीवर बसू? नातवंडा बगतील, सुना बगतील, म्हनतील हिचा नवरा कुठं? मना लाज वाटते."

आयुष्य कमी होण्याची गोष्टच नव्हती. आम्ही तिघं शहाणे पंधरा दिवस भलत्याच भीतीवर उपाय करत बसलो होतो. मी म्हणालो, "मुलाला तुमच्या शेजारी बसवलं तर?"

"तो बापावानीच हाय," ती म्हणाली. "नाक, कपाल, समदा. त्याला कोनी सांगलाच न्हाय का?"

"तो म्हणतो, बापाचं तोंड आठवत नाही."

"आरशान बघ म्हनावं." मग उठताना म्हणाली, "उद्या सकाली. येकदाच बसंन. परत बोलवशील तर येनार न्हाय."

त्याच संध्याकाळी मी हे थोरल्या मास्तरांना आणि तांडेलाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचलो तेव्हा थोरले मास्तर आधीच वाळूत कॅमेरा मांडून उभे होते. उघड्यावरच. नळी आंब्याच्या शेंड्याकडे. पिल्लू काठावर होतं आणि त्या दिवशी आत सरकत नव्हतं. वारा समुद्रावरचा, ऊन नुकतं पसरलेलं. आई-बाप दोघं झाडावरून लांब जाऊन, खडकावर मासा पायाखाली धरून बसले होते, पिल्लाने यावं म्हणून. थोरल्या मास्तरांनी माझ्याकडे बघितलंही नाही. हातात कॅमेऱ्याची झडप उघडायचा रबरी गोळा तयार धरलेला. चार वर्षांत मी त्यांना असं बघितलं नव्हतं.

तेवढ्यात आमच्या पाठीमागे वाळूत माणसं आली. म्हातारी हिरवं लुगडं नेसून, केसांत अबोली माळून. तांडेल धुतलेल्या सदऱ्यात. बोंबलांच्या बांबूंपुढे सुताराने त्याचं बसायचं फळकूट आणून ठेवलं होतं, त्यावर दोघं बसली.

"मास्तर," म्हातारीने लांबून हाक मारली. "आयलंव."

थोरल्या मास्तरांनी वळून तिच्याकडे बघितलं. मग वर पिल्लाकडे. मग हातातल्या गोळ्याकडे. मी कुजबुजलो, "थांबा, तिला सांगतो थोडं थांबायला. पिल्लू सुटेलच आता." हा माणूस चार वर्षं डासांकडून फोडून घेत बसलाय, ते आता पाचच मिनिटांवर आलंय, हे मला दिसत होतं, आणि ते त्यांनी सोडू नये असं मला मनापासून वाटत होतं.

त्यांनी तिकाटणं उचललं आणि नळी फिरवून म्हातारीकडे केली.

मला फडकं धरायला सांगितलं, वाऱ्याने उडू नये म्हणून. ते आत गेले. आम्ही दोघेही झाडाकडे पाठ करून. तांडेलाला ते ओरडून म्हणाले, "हलू नकोस. नळीकडे बघ." तांडेल श्वास कोंडून नळीकडे बघत राहिला. म्हातारीला त्यांनी काहीच सांगितलं नाही. काच उघडली, गोळा दाबला, मनात दोन अंक मोजले, सोडला.

"गेला," म्हातारी म्हणाली.

आम्ही वळलो. घरट्याचा काठ रिकामा होता. आभाळात बघितलं, झाडामागे बघितलं, कुठे काही नाही. खडकावरचे आई-बापही दिसत नव्हते.

तो फोटो स्वच्छ उठला. थोरल्या मास्तरांच्या हातून उठलेला बहुधा एकमेव स्वच्छ फोटो. तांडेल त्यात ताठ बसलाय, बिचारा घाबरून नळीकडे बघतोय. म्हातारी नळीकडे बघतच नाही. तिची नजर वर आहे, आमच्या डोक्यांवरून, तोंड किंचित उघडं, आणि गुडघ्यावरचा एक हात उचललेला, तो हलल्यामुळे पुसट झालाय. तांडेलाने तो भिंतीवर लावला. बरेच दिवस तो शेजारी आरसा धरून बघायचा. आंबा त्याच आठवड्यात तोडला. पिल्लू गेलं होतं, तेव्हा थोरल्या मास्तरांनीच "तोडा आता" म्हणून सांगितलं. मी त्यांना एकदा विचारलं, काच तिच्यावर का घातलीत. ते म्हणाले, "एकच होती ना." हे उत्तर मी आज इतकी वर्षं उलटून पालटून बघतोय. एकच होती म्हणून तर पिल्लावर घालायची. नाही का? चैत्राअखेर ते बोटीत बसले. नळी नेली की कुणाला दिली, तेही मला माहीत नाही. मी धक्क्यावर रडलो, आणि कशासाठी ते त्यांना सांगता आलं नाही.

पण त्या सकाळी, घरटं रिकामं दिसल्यावर, ते पन्नास पावलं चालत म्हातारीपुढे गेले आणि वाळूत गुडघे टेकून बसले. मी मागोमाग गेलो. त्यांचा चेहरा मला तेव्हा बघवत नव्हता. आमच्यात तिने एकटीने ते बघितलं होतं.

"कसं गेलं?" त्यांनी विचारलं.

म्हातारीने पुन्हा हात उचलला, तळवा उताणा. तो एकदम खाली, पार वाळूपर्यंत आणला.

"पडला," ती म्हणाली. मग तो हात तिने हळूहळू वर घेतला, खांद्यापर्यंत, डोक्यापर्यंत, हात पुरेल तिथवर. "मंग न्हाय पडला."

थोरले मास्तर त्या हाताकडे बघत होते.

"परत सांगा," ते म्हणाले.